पुढचे गाणे कोणते? संगणक आणि मोबाइलमधील गाण्यांच्या रांगेची ओळख

कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात अकोला, अमरावतीच्या खरेदी केंद्रांबाहेर लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना रांग म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ साली सुरू झालेल्या या योजनेत माप होईपर्यंत शेतकरी गाडीखालीच मुक्काम ठोकीत. रांगेचा नियम एकच होता, जो आधी आला त्याचे माप आधी. मध्येच कुणाची ओळखीची गाडी पुढे सरकली, की वादाला तोंड फुटत असे. संगणकावर किंवा मोबाइलवर गाणी वाजविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातही अशीच एक रांग असते. तिलाही हाच नियम लागू आहे आणि तिच्यातही मधे घुसणारे असतात. बहुतेक जण ही रांग उघडून पाहत नाहीत. घरी एकट्याने गाणी ऐकताना त्याने काही बिघडत नाही. चारचौघांत मात्र बिघडते.

काही वर्षांपूर्वी एका शोकसभेला उपस्थित होतो. दिवंगत गृहस्थांना आवडणारे एक भजन मोबाइलवरून ध्वनिवर्धकावर लावण्यात आले. भजन संपले, सारे जण उभे राहिले, माना खाली गेल्या आणि दुसऱ्याच क्षणी ठसकेबाज चित्रपटगीताचे ढोल सभागृहात घुमू लागले. मोबाइल लावणारा मुलगा धावत गेला, पण घाईत त्याच्या हातून आवाज आणखी वाढला. त्या मुलाने वाईट काहीच केले नव्हते. त्याने एक गाणे लावले होते. त्या गाण्यामागे कोण उभे आहे, एवढेच त्याने पाहिले नव्हते.

यादी वेगळी, रांग वेगळी

पहिला गोंधळ होतो तो यादी आणि रांग या दोन शब्दांत. यादी, म्हणजे प्लेलिस्ट, ही जपून ठेवायची वस्तू आहे. ‘काकड आरती’, ‘लग्नाची सनई’, ‘प्रवासातली गाणी’ अशी नावे देऊन आपण ती साठवितो आणि वर्षभरानंतर उघडली तरी ती तशीच असते. रांग, म्हणजे क्यू, ही तात्पुरती असते. या क्षणी वाजत असलेल्या गाण्यानंतर कोणकोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजणार, एवढेच तिला ठाऊक असते. वाजून झालेले गाणे रांगेतून बाहेर पडते, यादीतून नाही. यादी वाजवायला सुरुवात केली की तिच्यातील गाण्यांची रांग लागते. त्यानंतर रांगेत केलेला फेरफार मूळ यादीला सहसा स्पर्श करीत नाही.

हा भेद सर्वच सॉफ्टवेअर पाळतात असे नाही. व्हीएलसी या लोकप्रिय आणि मोफत प्लेअरच्या संगणकावरील आवृत्तीत समोर दिसणारी यादी हीच रांग असते. तिथे ओढून वरखाली केलेले गाणे त्याच क्रमाने वाजते. याउलट फूबार२००० या २००२ साली आलेल्या प्लेअरमध्ये याद्या कितीही उघडता येतात आणि त्यांहून स्वतंत्र अशी एक वादनरांग असते. रांगेत टाकलेली गाणी आधी वाजतात, रांग रिकामी झाली की प्लेअर पुन्हा यादीकडे वळतो. लिनक्स वापरणाऱ्यांच्या परिचयाच्या अमारोकमध्ये तर रांगेत घातलेल्या गाण्यापुढे १, २, ३ असे आकडेच उमटतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर नंबराच्या चिठ्ठ्या देतो, तसाच हा प्रकार. डोळ्यांना चटकन कळणारी याहून चांगली सोय अजून पाहण्यात नाही.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना खरे तर ही कल्पना नवी नाही. विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तर विविध भारतीचा आरंभ १९५७ सालचा. फर्माईशी कार्यक्रमांत पोस्टकार्डे पाठवून आपल्या गाण्याची वाट पाहणारा श्रोता हा रांगेतच उभा असे. फरक इतकाच, की ती रांग निवेदकाच्या हाती होती. गाण्यांचा क्रम, मधले निवेदन आणि बातम्यांची ठरलेली वेळ यांचा मेळ तो घालीत असे. बातम्यांना मिनिटभर उरले तर वाद्यसंगीताचा तुकडा लावला जाई. आता ती जबाबदारी आपल्या अंगठ्यावर येऊन पडली आहे आणि अंगठ्याला तेवढे प्रशिक्षण मिळालेले नाही.

विनॅम्पचे दिवस

आपल्याकडे गाण्यांची रांग खऱ्या अर्थाने घराघरांत आणली ती विनॅम्पने. नलसॉफ्ट कंपनीचे हे सॉफ्टवेअर १९९७ साली आले. एका सीडीत ७०० मेगाबाइट, आणि १२८ केबीपीएस दराने एमपी३ गाण्याच्या एका मिनिटाला साधारण एक मेगाबाइट, असा हिशेब धरला तर पाच मिनिटांची सुमारे १४० गाणी एका सीडीत मावत. कॅसेटच्या एका बाजूला पाच-सहा गाणी ऐकण्याची सवय असलेल्यांसाठी ही चैनच होती. एवढ्या गाण्यांत हवे ते शोधायचे कसे, या प्रश्नाला विनॅम्पने दिलेले उत्तर म्हणजे कीबोर्डवरील ‘जे’ हे अक्षर. ते दाबले की शोधाची खिडकी उघडते, नावाची दोन-चार अक्षरे टंकली की गाणे समोर येते. पुढच्या आवृत्त्यांत याच खिडकीतून सापडलेले गाणे लगेच न वाजविता रांगेत उभे करण्याची सोय झाली. २०१३ साली तेव्हाच्या मालक कंपनीने विनॅम्प बंद करण्याची घोषणा केली होती. २०१४ च्या प्रारंभी ते रेडिओनॉमी या कंपनीने घेतले आणि त्याचा जीव वाचला.

विनॅम्पमधील आणखी एक सोय फारशी कुणी वापरीत नसे, आणि सर्वांत उपयोगाची तीच होती. कंट्रोल आणि ‘व्ही’ ही दोन बटणे एकत्र दाबली, की चालू असलेले गाणे पूर्ण वाजून प्लेअर तिथेच थांबतो. पुढे रांगेत शंभर गाणी असली तरी तो हलत नाही. वर सांगितलेल्या शोकसभेत नेमकी हीच सोय हवी होती. व्हीएलसीमध्ये ‘प्ले अँड स्टॉप’ किंवा एकाच फाइलचा स्वतंत्र वापर करून हे साधता येते. मोबाइलवरील काही अॅपमध्ये झोपेच्या टायमरमध्ये ‘गाणे संपताच थांबवा’ असा पर्याय दडलेला असतो. तो झोपेसाठी आहे असे समजून आपण तिकडे फिरकत नाही.

‘पुढचे वाजवा’ आणि ‘शेवटी टाका’

आजच्या अॅपमध्ये गाण्यापुढील तीन टिंबांवर बोट ठेवले की साधारणपणे दोन पर्याय दिसतात. एक, हे गाणे लगेच पुढे वाजवा. दुसरा, रांगेच्या शेवटी टाका. वाचताना दोन्ही सरळ वाटतात. खाचखळगे वापरताना कळतात.

समजा, हळदीच्या कार्यक्रमात तुम्ही अनुक्रमे तीन गाण्यांना ‘लगेच पुढे’ असा आदेश दिला. पहिले, दुसरे, तिसरे याच क्रमाने ती वाजतील अशी तुमची अपेक्षा. पण अनेक प्लेअरमध्ये प्रत्येक नवे गाणे चालू गाण्याच्या लगेच मागे, म्हणजे आधी टाकलेल्या गाण्याच्याही पुढे जाऊन उभे राहते. परिणामी तिसरे आधी वाजते आणि पहिले शेवटी. संगणकशास्त्रात अशा रचनेला रांग म्हणत नाहीत, चळत म्हणतात. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट पंगतीत आधी निघते, तसे. स्पॉटिफायमध्ये ‘रांगेत टाका’ म्हटलेली गाणी मात्र टाकलेल्या क्रमानेच वाजतात, आणि ती संपल्यावर मूळ अल्बम किंवा यादी पुढे सुरू होते. अॅपल म्युझिकमध्ये लगेच पुढे आणि सर्वांत शेवटी असे दोन्ही पर्याय आहेत. त्याच कंपनीच्या आयट्यून्समध्ये ‘अप नेक्स्ट’ नावाची रांग २०१२ साली अकराव्या आवृत्तीत आली होती. आपल्या हातातील अॅप यांपैकी कोणत्या रीतीने वागते, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तीन गाणी टाकून पाहणे, एवढाच उपाय.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. रांग नीट लावून झाली, कार्यक्रम रंगात आला, आणि कुणीतरी मोबाइल हाती घेऊन एका गाण्यावर नुसते बोट टेकवले. काही अॅप अशा वेळी फक्त ते गाणे वाजवून पुढे तुमची रांग कायम ठेवतात, काही रांग पुसायची का असे विचारतात, आणि काही न विचारता तासभर खपून लावलेली रांग पुसून नवी उभी करतात. यावर तांत्रिक उपाय दुबळे आहेत. रांग लावून झाली की ती यादी म्हणून साठवून ठेवावी आणि मोबाइल कुणाच्या हाती द्यायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्यावे.

तिसरी गोष्ट ‘ऑटोप्ले’ची. तुमची रांग संपली की अॅप स्वतःच्या पसंतीची गाणी मागे जोडीत जाते. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक या दोन्ही सेवा भारतात २०१९ साली आल्या आणि न संपणाऱ्या रांगेची सवय आपल्याला बरीचशी त्यांच्या काळात जडली. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. शोकसभेतला तो ढोल तिथूनच आला होता.

शफल खरेच यादृच्छिक असते का?

‘शफल लावले तरी एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात’, ही तक्रार जुनी आहे. त्यात दोष सॉफ्टवेअरचा कमी आणि आपल्या अपेक्षेचा अधिक. पत्ते पिसावेत तशी रांग पिसण्याची रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडली, १९६४ साली रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी तिला संगणकाला सोयीचे रूप दिले. या रीतीने प्रत्येक गाणे एकदाच येते आणि प्रत्येक क्रमाला सारखी संधी मिळते. वीस गाण्यांचे असे क्रम किती? सुमारे २४ लाख लाख कोटी.

आता या वीस गाण्यांत पाच गाणी एकाच गायिकेची आहेत असे समजा. प्रामाणिकपणे पिसलेल्या रांगेत त्यांपैकी किमान दोन गाणी शेजारी येण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के निघते. म्हणजे दहापैकी सात वेळा तरी तक्रारीला जागा आहेच! श्रोत्यांना हवे असते ते यादृच्छिक मिश्रण नव्हे, तर सारखे पसरलेले मिश्रण. कंपन्यांनीही हे ओळखले. आयट्यून्समध्ये २००५ साली ‘स्मार्ट शफल’ आले, ज्यात शेजार कमी-जास्त करता येत असे. स्पॉटिफायने २०१४ मध्ये एकाच कलावंताची गाणी रांगेत लांब लांब ठेवणारी पद्धत समजावून सांगितली. म्हणजे शफल अधिक यादृच्छिक वाटावे म्हणून ते कमी यादृच्छिक करावे लागले.

धार्मिक कार्यक्रमात मात्र शफलचे बटण आधी बंद करावे. भूपाळी, काकडा, आरती, पसायदान यांना क्रम आहे आणि तो प्लेअरला कळत नाही.

पेनड्राइव्हचे दुखणे

वऱ्हाडातील अनेक मंदिरांत आणि मंडळांत आज संगणक नसतो. असते ती पेनड्राइव्ह लावायची सोय असलेली ध्वनिवर्धकाची पेटी. ‘संगणकावर क्रम बरोबर दिसतो, पेटीवर चुकतो’ असा अनुभव इथे वारंवार येतो. कारण असे, की अनेक स्वस्त पेट्या फाइलींची नावे वाचून क्रम लावीतच नाहीत. पेनड्राइव्हवर फाइल ज्या क्रमाने उतरविली, त्या क्रमाने तिची नोंद होते आणि पेटी त्या नोंदवहीप्रमाणे वाजवीत जाते. संगणक मात्र दाखविताना नावाप्रमाणे लावून दाखवितो. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करावा आणि गाणी हव्या त्या क्रमाने एकेक करून उतरवावीत. मधले एखादे काढून त्या जागी दुसरे घातले, तर क्रम पुन्हा हलू शकतो.

काही पेट्या नावाने क्रम लावतात, पण आकड्यांचे मूल्य त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ फार मागे पडतो. म्हणून नावाच्या सुरुवातीला ००१, ००२, ००३ असे सारख्या लांबीचे आकडे द्यावेत. हे आकडे रोमन लिपीतील म्हणजे इंग्रजी पुस्तकांत असतात तसे असावेत. निम्मी नावे त्या आकड्यांनी आणि निम्मी देवनागरी आकड्यांनी सुरू होत असतील, तर साध्या संकेतक्रमात देवनागरी आकडे सर्व इंग्रजी अक्षरांच्याही मागे जातात, आणि साठावे गाणे पहिल्याच्या आधी वाजू लागते.

यादीची फाइल हाही मराठी वापरकर्त्यांच्या डोकेदुखीचा विषय आहे. एम३यू या प्रकारची फाइल म्हणजे प्रत्यक्षात साधा मजकूर असतो; एका ओळीत एका गाण्याचा पत्ता. नोटपॅडमध्ये उघडून ती हाताने दुरुस्तही करता येते. पण जुन्या एम३यूमध्ये देवनागरी नावे टिकत नाहीत, त्यांची प्रश्नचिन्हे होतात आणि प्लेअरला गाणे सापडत नाही. याच फाइलचा युनिकोड अवतार म्हणजे एम३यू८. मराठी नावे असतील तर साठविताना तोच निवडावा. शिवाय पत्ता पूर्ण लिहिलेला असेल, म्हणजे ‘एफ’ ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर ‘जी’ झाला की सगळी यादी निकामी होते. यादीची फाइल आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये ठेवून पत्त्यात केवळ फाइलचे नाव ठेवले, की ही अडचण उरत नाही.

रात्री दहाच्या आत

गणेशोत्सव असो, अंबादेवीचे नवरात्र असो की अकोल्यातील राजराजेश्वराची कावड-पालखी, ध्वनिवर्धक म्हटला की घड्याळ आलेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा रात्री बारापर्यंत वाढवू शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पोलिस येऊन वायर काढतात तेव्हा नेमकी आरती सुरू असते, असे चित्र दिसते त्याचे कारण बरेचदा रांगेचे गणित चुकलेले असते.

हे गणित पुढून नव्हे, मागून करावे. दहाला सर्व शांत व्हायचे असेल आणि आरती, मंत्रपुष्पांजली यांना वीस मिनिटे लागणार असतील, तर त्यांची सुरुवात ९.४० ला. त्याआधी मान्यवरांचे दोन शब्द, ते प्रत्यक्षात पंधरा मिनिटे धरावेत. म्हणजे गाण्यांची रांग ९.२५ ला संपली पाहिजे. कार्यक्रम ८ वाजता सुरू होत असेल तर हाती ८५ मिनिटे, म्हणजे पाच मिनिटांची १७ गाणी. दोन गाण्यांमधील निवेदन धरले तर चौदाच. बहुतेक प्लेअर रांगेचा एकूण वेळ दाखवितात. पण बदलत्या दराने नोंदविलेल्या काही एमपी३ फाइलींच्या आरंभी आवश्यक ती माहिती नसते आणि प्लेअर त्यांची लांबी चुकीची दाखवितो. शंका आली तर गाणे शेवटापर्यंत सरकवून पाहावे.

क्षणाचा प्रश्न येतो तेव्हा तर रांगेवर विसंबूच नये. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. तो क्षण गाठण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात आणि सारा परिसर निःशब्द होतो. गावोगावीही त्या वेळी लोक मौन पाळतात. आपल्या गावात अशा प्रसंगी भजनांची ध्वनिफीत लावली असेल, तर शेवटचे भजन दोन मिनिटे आधी संपेल असे पाहावे, त्यानंतर रांग रिकामी ठेवावी आणि पेटीचा आवाज हाताने शून्यावर आणावा. मोबाइल विमान मोडवर असावा, कारण आलेला फोन थेट ध्वनिवर्धकातून वाजतो. ब्लूटूथपेक्षा वायर बरी. गाणी आधीच उतरवून घेतलेली असावीत, म्हणजे नेटवर्क गेले तरी खंड पडत नाही आणि मोफत सेवेतील जाहिरातीही मधे येत नाहीत. बॅटरी वाचविण्याचा मोड सुरू असल्यास काही मोबाइल पडदा बंद होताच अॅपला झोपवितात, तोही बंद करावा.

एवढे करूनही वीज जाऊ शकते. इन्व्हर्टर असला तरी पेटी पुन्हा सुरू होताना पहिल्या गाण्यापासून आरंभ करते. अशा वेळी किती क्रमांकाचे गाणे चालू होते, हे कागदावर टिपून ठेवणारा एक माणूस पेटीजवळ बसवावा.